सव्वा महिना होऊ दे

आई,

तेराव्याची जेवणं उरकली तेव्हा शेजारच्या सामंत काकू म्हणाल्या, "मेधा, आईबद्दल चार शब्द बोल गं. तू वाचणारी-बिचणारी आहेस." मी उभी राहिले. सई खांद्यावर होती, तिने तेवढ्यात माझ्या पाठीवर दूध ओकलं. मी म्हटलं, "आई चांगली होती," आणि आत गेले. लोकांना वाटलं मला रडू आवरेना. खरं म्हणजे मला दुसरं वाक्य सुचलं नाही. श्रद्धांजलीची भाषणं चालू असताना तू माझ्या कानात पुटपुटायचीस, "गेलेला माणूस ओळखू येतोय का बघ." त्या दिवशी तू कुणालाच ओळखू आली नसतीस. सगळे एका माउलीबद्दल बोलत होते.

ओळखू येईल असं लिहायचा प्रयत्न करते. अडचण एवढीच, की तू ओळखू यायची तर मलाही ओळखू यावं लागेल.

दिवस गेल्याचं मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू आधी विचारलंस, "उलट्या?" मी म्हटलं, "रोज." तू म्हणालीस, "मग बरं आहे," आणि लगेच पुढे, "पहिलं बाळंतपण माझ्याकडे." मी हसले. तू कधी वडाला दोरा गुंडाळला नाहीस, उपास केलास तो साबुदाणा आवडतो म्हणून, आणि तुला एकाएकी रीतभात आठवावी याची मला गंमत वाटली. मी युक्तिवाद केला. अंधेरीला आमच्याकडे लिफ्ट आहे. नाहूरला तुझ्याकडे दोन मजले चढायचे. टाके पडल्यावर मी चढू कशी?

"मी रोज चढते ना?"

"तुला टाके पडलेत का?"

"तू ये. बाकीचं मी बघते."

हा वाद आपण सहा महिने चालवला आणि तो आपल्याला आवडत होता. बाळ-बाळंतिणीचं करायला जपा बाई ठेवू, मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "ठेव. मला सांभाळायला ठेव." निखिल आपल्या दोघींच्या मध्ये बसून शेंगा सोलायचा. लोकांसमोर तू त्याला 'जावईबापू' म्हणायचीस आणि स्वयंपाकघरात 'अरे निखिल, तो कुकर बघ'.

सहाव्या महिन्यात तू आमच्याकडे आलीस ती दारातच चपलांच्या कपाटाला हात टेकून उभी राहिलीस. बराच वेळ. मी आतून ओरडले, "ये ना आत." तू म्हणालीस, "तुमच्या त्या लिफ्टमध्ये किती कोंदट आहे गं." मी तुला पंखा लावून दिला आणि माझ्या पायांची सूज दाखवायला बसले. तू माझ्या घोट्यावर अंगठा दाबून बघितलास. तुझे पाय मी बघितले नाहीत.

मग गर्भसंस्काराचा वर्ग. निखिलच्या आईचा आग्रह म्हणून मी एक दिवस गेले आणि तुला बरोबर नेलं, कारण असल्या ठिकाणी एकटीने जाण्यात मजा नसते. रेशमी झब्बा घातलेले ते गृहस्थ सांगत होते की पोटातल्या बाळाला वीणावादन ऐकवलं तर ते तेजस्वी निपजतं. तू हात वर केलास. "तुमच्या वेळी तुमच्या आई काय ऐकायच्या?" ते म्हणाले, "आई गिरणगावात राहायची, तेव्हा ही सोय नव्हती." तू म्हणालीस, "तरी तुमचं बरं चाललंय." मला इतकं हसू आलं की बाहेर जावं लागलं. तू माझ्या मागोमाग आलीस आणि बाहेरच्या बाकावर बसलीस. हसू थांबल्यावरही बसून राहिलीस. कपाळावर घाम होता. "हसवलंस फार," म्हणालीस. तूच हसवलं होतंस.

डोहाळजेवणाला तर हॉल होता. चंद्र होता थर्माकोलचा, त्यात मी बसायचं. फुलांचे दागिने, धनुष्यबाण, आणि एक फोटोग्राफर जो मला सारखा सांगत होता, "मॅडम, पोटाकडे बघून ममता द्या." तू माझ्या कानात म्हणालीस, "चंद्र तुझ्या वजनाने कलतोय, ममता नंतर दे." परवा निखिलने ते फोटो लॅपटॉपवर उघडले, तुझा एखादा चांगला मिळतो का बघायला. ओटी भरताना, ओवाळताना, पेढा की बर्फी ओळखताना, सगळ्या बायका उभ्या आहेत आणि तू खुर्चीत आहेस. एकाही फोटोत तू उभी नाहीस. फोटोग्राफरने एवढी ममता टिपली, पण जे समोर बसलं होतं ते त्याला दिसलं नाही. मला कुठे दिसलं?

रीतभात तुला एकाएकी का आठवली, हे तू एकदाच सांगितलंस, नवव्या महिन्यात, लसूण सोलताना. तुझ्या वेळी तुझी आई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा तेव्हा होते, त्यांनी तुला इस्पितळातून आणून घरी सोडलं आणि ते ऑफिसला गेले. "तू रडत होतीस, मी रडत होते. आधी कुणाला गप्प करायचं तेच कळेना. दुपारी शेजारीण भात घेऊन आली, तोपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नव्हते." मग लसणाची सालं गोळा करत म्हणालीस, "तुझं असं व्हायचं नाही." त्या दिवसापासून वाद संपला. मी नाहूरला आले.

प्रसूतीबद्दल मी बरंच वाचलं होतं. ग्रंथालयात काम करण्याचा तोटा हा की माणसाला वाटतं, वाचलं म्हणजे कळलं. कळा कशा येतात, श्वास कसा घ्यायचा, सगळं मी टिपून नेलं होतं. तिसऱ्या तासाला तो कागद कुठे गेला मला माहीत नाही. त्यात लिहायचं राहिलं होतं ते हे, की वेदना बाहेरून येत नाही. आपणच ती होतो, आणि खोलीतले सगळे लोक दुसऱ्या किनाऱ्यावर उभे असतात. मुलुंडच्या त्या इस्पितळात नर्स म्हणत होती, "जोर लावा मॅडम, तोंडातून आवाज नको." तू तिला म्हणालीस, "तिला ओरडू दे. तिचं इस्पितळ नाही, पण आवाज तिचाच आहे." त्यांनी तुला बाहेर काढलं. तुला बाहेर काढलं याचा मला राग आला होता. आता वाटतं, तू तिथे किती तास उभी होतीस?

सईला तू पहिल्यांदा हातात घेतलंस आणि म्हणालीस, "डोकं बघ, तेलाच्या बुधल्यासारखं. होईल गोल." लगेच दोन्ही पायांची बोटं मोजलीस. निखिल रडत होता. तू त्याला म्हणालीस, "अरे निखिल, आत्ता नको, अजून अठरा वर्षं आहेत."

घरी आलो तो जिना मला अजून स्वप्नात दिसतो. निखिल सईला घेऊन पुढे गेला. मी एकेक पायरी, कठडा धरून, टाके सांभाळत. तू माझ्या मागे. प्रत्येक वळणावर तू म्हणायचीस, "थांब जरा, घाई नको." मी थांबायचे. मागून श्वासाचा आवाज येत होता, घरघर लागल्यासारखा, आणि मला वाटत होतं तो माझाच आहे. वर सामंत काकू भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो बाळावरून आणि माझ्यावरून उतरून टाकला. तुझ्यावरून कुणी उतरवला नाही. आजीवरून उतरवत नाहीत.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. दूध उतरेना. मग उतरलं ते असं की छातीचे दगड झाले. सई तोंड लावायची आणि मी दात-ओठ खायचे. मालतीबाई सकाळी येऊन मला मालिश करायच्या, ओव्याची धुरी द्यायच्या, आणि खोलीभर धूर झाला की मी चिडचिड करायचे. तू खसखशीची खीर, अळिवाचे लाडू, बाळंतशेपा असं एकामागून एक माझ्यासमोर आणायचीस. मी डोक्याला बांधलेला रुमाल काढून फेकायचे, तू उचलून परत बांधायचीस. "वारा लागतो म्हणे." "कुठल्या पुस्तकात?" "पुस्तकात नाही, कानात."

आणि भीती. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. सई झोपली की मला वाटायचं तिचा श्वास बंद झालाय. मी तिच्या नाकाखाली बोट धरायचे. ती रडली की वाटायचं हिला माझ्या हातून काहीतरी होणार. तू दुकानात गेलीस तरी मी घड्याळाकडे बघत बसायचे. तू दाराला किल्ली लावल्याचा आवाज आला की माझं दूध पाझरायचं. सईसाठी नाही, तुझ्या किल्लीसाठी.

तुला कसली तरी घाई होती. शनिवारी निखिल आला की तू त्याला बाळाला दुपट्यात गुंडाळायला शिकवायचीस, परत सोडायला लावायचीस, परत गुंडाळायला. "असं नाही. हात आत. पुन्हा कर." तो म्हणाला, "आई, तुम्ही आहात ना." तू म्हणालीस, "मी आहे, पण हात तुझे शिकायला हवेत." डब्यांवर तू चिठ्ठ्या लावल्यास. बाळंतशेपा, जेवणानंतर. वेखंड, थेंबभर, रोज नको. मी म्हटलं, "संग्रहालय केलंस घराचं." तू चिठ्ठी चिकटवत राहिलीस.

मालतीबाई वेंगुर्ल्याच्या. एकदा तेलाची वाटी घेताना त्यांचा हात तुला लागला. "वहिनीनू, तुमचो हात असो थंड कित्याक?"

"पाण्यात होता."

"पाणी तर कढत आसा."

"तुम्ही मेधाचे पाय बघा मालतीबाई. माझे हात नंतर."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि पाय रगडता रगडता हळूच म्हणाल्या, "आईक बघ गो जरा. जिन्यात बसलेली असता." मी म्हटलं, "हो, दमते ती." मी असंच म्हटलं. दमते ती.

अठराव्या दिवशी सईचं अंग मला गरम लागलं. तू स्वयंपाकघरात होतीस. थर्मामीटर तुझ्या पर्समध्ये असतो म्हणून मी ती उघडली. थर्मामीटर होता, आणि त्याच्याखाली खाकी पाकीट. सई खांद्यावर होती. एका हाताने मी कागद काढला. हृदयाच्या तपासणीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी. अक्षर डॉक्टरचं असून वाचता येत होतं. अँजिओग्राफी तातडीने करावी, 'तातडीने'खाली दोनदा रेघ, तोपर्यंत जिना आणि श्रम टाळावेत. तारीख माझ्या नवव्या महिन्यातली. लसूण सोललास त्याच आठवड्यातली.

आता ते लिहिते जे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी तो कागद दोनदा वाचला. घडी होती तशीच घातली. पाकिटात ठेवला, पर्सची चेन लावली. मग सईचा ताप बघितला. नव्हता. तू आतून विचारलंस, "सापडला का गं?" मी म्हटलं, "सापडला."

मला कळलं नाही असं नाही. मला घाबरायला झालं नाही असंही नाही. पण माझ्या डोक्यात पहिलं जे आलं ते 'आईला काय होईल' हे नव्हतं. 'आई दवाखान्यात गेली तर हिला आंघोळ कोण घालणार' हे होतं. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी तयार असल्यासारखं, दुसरं वाक्य आलं, सव्वा महिना होऊ दे.

ज्या सव्वा महिन्याची मी टिंगल केली होती, तोच. पहिल्या आठवड्यात मी सामंत काकूंना विचारलं होतं, "एकेचाळिसाव्या दिवशी काय होतं? शरीराला पत्र येतं का, की आता बरं व्हायला हरकत नाही?" त्या रागावून गेल्या होत्या. आणि अठराव्या दिवशी मी त्याच चाळीस दिवसांमागे जाऊन लपले. बाळंतिणीने कशाची काळजी करायची नसते, घराबाहेर पडायचं नसतं, कुणी काही सांगितलं तर ऐकायचं असतं. किती सोयीची रीत.

संध्याकाळी मी एवढं केलं. सईला पाजत असताना तुझ्याकडे न बघता म्हटलं, "आई, तू तुझं बीपी-बिपी दाखवून ये ना कधीतरी."

तू दुपटी घडी करत होतीस. "माझं काय घेऊन बसलीस? सव्वा महिना होऊ दे. मग माझं सगळं बघू."

"हो," मी म्हटलं. "सव्वा महिना होऊ दे."

आपल्या दोघींच्या आवाजात इतका समंजसपणा होता की ऐकणाऱ्याला वाटलं असतं, घरात सगळं ठीक चाललंय.

सईची आंघोळ तू कुणाला देत नव्हतीस, मालतीबाईंनासुद्धा नाही. पाटावर बसायचीस, पाय लांब करून, पायांवर तिला पालथी घालायचीस. दुसऱ्या दिवसापासून मी मोरीच्या दारात येऊन उभी राहायला लागले. तेल, डाळीचं पीठ, तांब्या, तुझा डावा हात तिच्या छातीखाली. मी त्या हाताकडे बघत राहायचे. दोन-तीन दिवस असे गेले. मग एकदा तिच्या पाठीवर पाणी ओतता ओतता, मान वर न करता म्हणालीस, "पाडणार नाही मी तिला."

मी म्हटलं, "मी कुठे काय म्हणतेय?"

"उभी राहतेस ना रोज."

"तुला काही लागलं तर द्यायला."

"लागणार काय? तांब्या माझ्या हातात आहे." मग सईला उताणी करत म्हणालीस, "पडायच्या आधी कळतं माणसाला. तेवढं कळेल मला."

मला तिथून जाता आलं असतं, किंवा खाली बसून तुझ्या हातातून तिला घेता आलं असतं. मी दारातच उभी राहिले. लोकांना आता वाटतं मी तुझ्यासाठी उभी असायचे. मी सईला झेलायला उभी असायचे.

सत्ताविसाव्या दिवशी मी कोरडं दुपटं घ्यायला कपाट उघडलं, तर घड्यांच्या वर ते पाकीट होतं. पर्समध्ये नाही, सईच्या दुपट्यांवर. दिवसातून दहा वेळा जिथे माझा हात जातो, तिथे. तू बाहेरच्या खोलीत मालतीबाईंना मेथीचा लाडू देत होतीस. मी स्वतःला सांगितलं, चुकून राहिलं असेल. आई, तू आयुष्यात एक विजेचं बिल चुकीच्या जागी ठेवलं नाहीस. मी ते पाकीट उचललं, तुझ्या पर्समध्ये परत ठेवलं, आणि मागे वळले तर तू दारात होतीस.

आपण एकमेकींकडे बघितलं. सई कोरड्या दुपट्याशिवाय पलंगावर पाय झाडत होती.

तू म्हणालीस, "चहा टाकू?"

मी म्हटलं, "टाक."

त्यानंतर तू ते पाकीट परत बाहेर काढलं नाहीस.

त्या दहा दिवसांत घर फार शांत होतं. भांडलो नाही. मी रुमाल बांधून घ्यायचे, शेपा चावायचे, धुरीत गपचूप बसायचे. मालतीबाई म्हणाल्या, "आता खरी बाळंतीण झालंस." तू तेलाचा वास येणाऱ्या हाताने माझ्या केसांची वेणी घालायचीस, आणि मध्येच तुझा हात थांबायचा. मी वाट बघायचे. तो परत सुरू व्हायचा. मी मनात म्हणायचे, अजून नऊ. अजून आठ. अजून पाच. सई बाळसं धरत होती. डोकं गोल होत होतं. तिचं प्रत्येक ग्रॅम तुझ्यातून जातंय असं मला वाटायचं आणि मी तिला पाजत राहायचे.

सदतिसाव्या दिवशी सकाळी तू तिला आंघोळ घातलीस, पुसलीस, गुंडाळलीस आणि माझ्याकडे दिलीस. "नीट धर," म्हणालीस. रोज म्हणायचीस. मी तिला घेऊन खोलीत आले. तुझ्या उठण्याचा आवाज आला नाही. मी सईला पलंगावर ठेवलं. दोन्ही बाजूंना उशा लावल्या. एक उशी सरकली, ती परत लावली. मग मोरीकडे गेले. तू पाटावरच होतीस, भिंतीला टेकून. नळ चालू होता.

त्या उशीबद्दल मी रोज विचार करते.

तुला दवाखान्यातून परत आणलं तेव्हा सामंत काकूंनी मला खोलीच्या दारातच अडवलं. "ओली बाळंतीण आहेस, जवळ जाऊ नको. बाळाला बाधेल." एरवी मी त्यांना सुनावलं असतं. पण सई रडायला लागली आणि माझी छाती भरून आली, शब्दशः, गाऊन पुढून भिजला. बाहेर तू जमिनीवर होतीस आणि आत मी तिला पाजत बसले होते. तू शिकवलं होतंस तसं, डोकं कोपरात, नाक मोकळं. मग मी तिला तशीच घेऊन बाहेर आले आणि तुझ्याजवळ बसले. तुझा हात धरला. मालतीबाईंचं बरोबर होतं, पण आता उशीर झाला होता.

भेटायला येणारे म्हणतात, माउलीने त्याग केला. लेकीसाठी जीव दिला. एका काकांनी तर हात जोडून सांगितलं, असं मरण पुण्यवानालाच. मला हे शब्द ऐकवत नाहीत. तू काही जीव द्यायला बसली नव्हतीस. तुझ्या फोनमध्ये एकेचाळिसाव्या दिवसाची डॉक्टरांची वेळ टाकलेली होती, सकाळी अकराची, मी ती बघितली. तुला जगायचं होतं. सईला सोरट खेळायला शिकवायचं होतं, निखिलच्या आईला मोदकाच्या पाऱ्या जमत नाहीत हे सिद्ध करायचं होतं. तू फक्त हिशेब केलास की तोवर निभेल. माझाही तोच हिशेब होता. दोन शिकलेल्या, कशावर विश्वास न ठेवणाऱ्या बायकांनी चाळीस दिवसांवर विश्वास ठेवला. याला त्याग म्हणतात की चूक, हे मी त्या काकांना विचारलं नाही.

सगळे आणखी एक वाक्य म्हणतात. "तिने कुणाला काही कळू दिलं नाही." मी मान हलवते. सोळा दिवस मान हलवतेय.

काल निखिलला सांगितलं. पाकीट, दोन्ही वेळचं. तो सईचे कपडे दोरीवर टाकत होता. ऐकून घेतलं आणि चिमटा हातात धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "मला आई जिन्यात बसलेल्या सापडल्या होत्या. बाराव्या दिवशी, बारशाची फुलं घेऊन येताना. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ. म्हणाल्या, मेधाला बोललास तर तिचं दूध आटेल. शपथ घातली."

"आणि तू घेतलीस?"

"तू पण घेतलीस की," तो म्हणाला. "तुला तर घातली पण नव्हती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. आम्ही दोघांनी मिळून उरलेले कपडे टाकले.

म्हणजे मालतीबाईंना माहीत होतं, निखिलला माहीत होतं, मला माहीत होतं. तू प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगून गप्प केलंस. त्यात तू हुशार होतीसच. मला मात्र तू गप्प केलं नव्हतंस. मला तू विचारलं होतंस. ज्या बाईने आयुष्यात कुणाकडे पाण्याचा पेला मागितला नाही, तिने एकदा एक पाकीट दुपट्यांवर ठेवून विचारलं, मी जाऊ का गं, तू करशील ना? आणि मी ते परत पर्समध्ये ठेवलं.

तुझे उपकार मी मोजत बसणार नाही, तुला ते आवडलं नसतं. तू मला चाळीसला तीन कमी इतके दिवस दिलेस, आणि त्या दिवसांत मला पाणी प्यायला कधी उशीर झाला नाही. ते मी विसरणार नाही. आणि हेही विसरणार नाही की ते दिवस मी तुझ्याकडून घेतले, कशातले घेतेय हे माहीत असताना.

त्या दिवशी दारात आपण उभ्या होतो तेव्हा माझ्या तोंडात आलं होतं ते मोठं नव्हतं. आज मोजलं तर आठ शब्द आहेत. सईला अर्धा दिवस निखिलने सांभाळलं असतं, ती रडली असती, थोडी उपाशी राहिली असती, एक दिवस तिला आंघोळ मिळाली नसती. त्याने काही बिघडलं नसतं. आता निखिलच तिला रोज घालतो, बऱ्यापैकी. मी दारात उभी राहत नाही.

आई, चप्पल घाल. आपण आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जाऊ.